पिशवीला रकाना नाही

लंबू : थांब. आधी श्वास घे. आणि ती पिशवी माझ्या डब्यावरून बाजूला कर, पाणी ठिबकतंय.

बारकी : नाही करणार. आधी सांग, या बीकरमध्ये काय आहे?

लंबू : पाणी.

बारकी : कसलं पाणी?

लंबू : पिशवी धुतलेलं. आत्ता माझ्यासमोरच धुतलीस ना? बारके, जेवायची सुट्टी आहे, तोंडी परीक्षा नाही.

बारकी : अरे रंग सांग, रंग!

लंबू : पांढरा. म्हणजे पांढरट. पाणी घातलेल्या दुधासारखा.

बारकी : आणि माती भरलेली पिशवी धुतली तर कसलं पाणी यायला पाहिजे?

लंबू : तपकि...

बारकी : हां! आता कसा घास थांबला!

लंबू : कुठली पिशवी आहे ही?

बारकी : त्या बुरशीनाशक पुडीची. सगळ्यात जास्त पूड घातलेली. खिळ्यावरच लटकत होती, चिठ्ठीसकट, तुझ्याच अक्षरातली चिठ्ठी. आणि ऐक ना, मी आधी धुतलीच नाही, आधी काट्यावर ठेवली. आधी कोरी पिशवी, मग ही. फरक किती आला सांग.

लंबू : नको सांगूस.

बारकी : एक ग्रॅम सहाशे मिलिग्रॅम! आणि आपण घातली किती होती? दोन ग्रॅम! दोन किलो मातीला दोन ग्रॅम, चार बरण्यांत मिळून. त्यातली एवढी सगळी इथंच, पिशवीच्या अंगाला! छप्पन्न दिवस आपण बरण्यांत डोकावत बसलो, अय्या कशी गुबगुबीत गांडुळं, अय्या किती पिल्लं, मी तर त्या टेबलाभोवती नाचले होते, तू फोटो काढलास, आणि पूड कुठं होती? खिळ्यावर!

लंबू : हळू बोल.

बारकी : का हळू बोलू?

लंबू : कारण दार उघडंय. आणि त्यात मातीची धूळ पण असेल ना. धूळही चिकटतेच.

बारकी : असेल, मी कुठं नाही म्हणते? म्हणून तर धुतली. म्हटलं, वजनात धूळ लपेल, रंगात नाही लपणार. बघ ना. धूळ अशी दिसते का?

लंबू : नाही.

बारकी : बाकीच्या पिशव्यापण बघितल्या. सगळ्या तशाच. फक्त कोऱ्या मातीची, जिच्यात पूड घातलीच नव्हती, तेवढी साफ.

लंबू : मी तुला काय सांगितलं होतं पहिल्या दिवशी? पिशवीत माती घाल, पूड घाल, तोंड आवळ आणि शंभर वेळा हलव. मोजून शंभर.

बारकी : मोजलेच होते रे. शंभर नाही, एकशे दहा. दहा आपल्या प्रेमाचे.

लंबू : तेच म्हणतोय. जितकं जास्त हलवलंस तितकी जास्त चिकटली. वाळवलेली माती, प्लास्टिकची पिशवी, वर एसी चालू. स्वेटर काढताना केस उभे राहतात ना, तसं झालं असणार आत. आणि ही पूड किती बारीक. धुळीचा कण तिच्यापुढे डोंगर.

बारकी : तू आधी का नाही सांगितलंस हे?

लंबू : मला आत्ता कळतंय ते. मला माझ्या आधीच्या माणसानं शिकवलं, त्याला त्याच्या आधीच्यानं. कीटकनाशकाच्या भुकट्या आम्ही अशाच मिसळल्या, दहा वर्षं. त्या जाड असायच्या, नाहीतर वाळूवर बसवलेल्या. त्या मातीत जायच्या. ही पूड नवीन आणि पिशवी जुनी. कुणाच्या डोक्यात येणार?

बारकी : आपल्या डोक्यात यायला पाहिजे होतं. पगार त्याचाच घेतो ना आपण?

लंबू : तुला आजच ती पिशवी काट्यावर ठेवायची बुद्धी कुठून झाली?

बारकी : आत्याचा फोन आला काल.

लंबू : गांडूळखतवाली आत्या?

बारकी : एकच आत्या आहे मला. हौदांतली गांडुळं वर येतायत म्हणाली. भिंतीवर चढतायत. आणि अरे, तिनं ती पूड घातलीय. नऊच्या नऊ हौदांत.

लंबू : आपली पूड?

बारकी : कंपनीची. आपण पास केलेली. बाजारात आलीपण, पुड्यावर हसणारं गांडूळ काढलंय. तिच्या खताला बुरशी धरायची ना, म्हणून तिनं आणली. पण घालायच्या आधी तिनं मला फोन केला, लंबू. मला विचारून घातली तिनं. मी काय म्हणाले माहितीय? मी म्हणाले, "आत्या, डोळे मिटून घाल. मी स्वतः मोजलीत पिल्लं."

लंबू : थांब, मला विचार करू दे.

बारकी : तू विचार करायला लागलास की मला जास्त भीती वाटते.

लंबू : तिनं घातली कशी? कोरडी?

बारकी : कोरडी कशाला घालेल? बादलीभर पाण्यात एक झाकण, काठीनं ढवळायचं आणि झारीनं शिंपडायचं. दर आठवड्याला. पुड्यावर एवढंच लिहिलंय, मातीत मिसळावे. कशी मिसळावी ते कुठं लिहिलंय?

लंबू : म्हणजे तिच्याकडे पिशवीच नाही मधे.

बारकी : नाहीच ना. जेवढी पुड्यातून काढली तेवढी सगळी गांडुळांच्या अंगावर.

लंबू : साहेबांना सांगितलंस?

बारकी : सकाळीच गेले. वजनाचा कागद घेऊन. मला वाटलं ओरडतील, म्हणून मी उभीच राहिले दाराजवळ, पळायला बरं. तर म्हणाले, बस. चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला, कागद बघितला, परत काढला. मग म्हणाले, "मातीत पूड घालायच्या किती पद्धती चालतात?" मी म्हटलं, कोरडी मिसळून, पाण्यात कालवून, नाहीतर खाण्यातून. म्हणाले, "कंपनीनं कुठली सांगितली?" मी म्हटलं, कोरडी. "आपण कुठली केली?" कोरडी. "कोऱ्या बरण्यांतली गांडुळं जगली?" सगळी. "मग चाचणी वैध आहे."

लंबू : वैध आहेच.

बारकी : तूपण?

लंबू : मी काय खोटं बोलतोय? कागदावर वैधच आहे ती. मातीत घातली किती, एवढंच लिहायचं असतं. पोचली किती ते कोण मोजतं? ते यंत्र दुसऱ्या शहरात आहे आणि तो तपास कंपनीनं मागितला तर करायचा.

बारकी : तेच म्हणाले ते. मी म्हटलं, सर, मग आपण पाण्यात कालवून परत करूया ना, छप्पन्न दिवस लागतील, मी एकटी करते, रविवारी येते. तर म्हणाले, "नमुना कंपनीचा. उरलेला परत गेला. नवीन चाचणी कंपनीनं मागायला हवी." मी म्हटलं, मागतील ना? तर माझ्याकडे असं बघितलं, रागानं नाही रे, रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, "पास झालेला मुलगा परत परीक्षेला बसतो का?"

लंबू : आणि अहवाल?

बारकी : गेला. एकोणीस दिवस झाले. मी म्हटलं, दुरुस्ती पाठवूया. त्यांनी तो छापील नमुना उघडला, माझ्यासमोर, आणि पानं उलटली. मातीचा रकाना, पुडीचा रकाना, गांडुळांचं वजन, पाण्याचं प्रमाण, खोलीचं तापमान. बोट ठेवून ठेवून दाखवलं. आणि म्हणाले, "तू खरं बोलतेयस, बाळ. पण हे मी लिहू कुठं? पिशवीला रकानाच नाही."

लंबू : बाळ म्हणाले?

बारकी : हो.

लंबू : मग खरंच काही होणार नाही. ते बाळ म्हणतात तेव्हा त्यांच्या हातात काही नसतं. माझी बढती थांबली तेव्हा मलाही म्हणाले होते.

बारकी : मग मी काय करू? ती येतेय. आज. गांडुळं घेऊन येतेय दाखवायला.

लंबू : फडकं बांधलेली निळी बादली?

बारकी : तुला कसं माहीत?

लंबू : बाहेर बाकावर बसल्यात. मी डबा आणायला गेलो तेव्हापासून. मला वाटलं, साफसफाईच्या कामासाठी कुणी आलंय.

बारकी : लंबू! अर्धा तास झाला त्याला!

लंबू : खाली बस. बस म्हणतो ना. असा चेहरा घेऊन जाणार आहेस का? हे बघ, सांग त्यांना, ऊन वाढलंय. उन्हानं येतात वर. नाहीतर पाणी जास्त झालं. येतातच ना पाण्यानं वर?

बारकी : खोटं सांगू?

लंबू : खोटं काय त्यात? तुला तरी कुठं माहितीय की पुडीनंच झालं? एक पिशवी आणि एक बादली, याला पुरावा म्हणतात का? चार बरण्या लागतात, कोऱ्या चार लागतात, छप्पन्न दिवस लागतात. तूच शिकलीयस ना हे?

बारकी : तिनं अकरा वर्षं वाढवलीत ती. बिस्किटाच्या डब्यात ओंजळभर आणली होती पहिली. मी शाळेत होते. कांद्याची सालं घालू नकोस, त्यांना झोंबतात, असं सांगायची मला. मी या नोकरीला लागले ती पण तिच्यामुळे. आपण गांडुळं तिच्याकडून घेतो, साहेब स्वतः जायचे आणायला, तेव्हा ती म्हणाली, "आमची बारकी शिकलीय हो, गांडुळाला घाबरत नाही."

लंबू : म्हणूनच सांगतोय. खरं सांगून तिचे हौद भरणार आहेत का? ऊन म्हण. सोपं आहे. बोलून बघ.

बारकी : आत्या, ऊन वाढलंय ना, म्हणून...

लंबू : खाली बघू नकोस बोलताना.

बारकी : आत्या, ऊन वाढलंय ना...

लंबू : तोंडावर रडू आणू नकोस. ऊन म्हणतेयस, कुणी गेलं नाही.

(दारावर टकटक. आत्या बादली घेऊन आत येते. पाय अनवाणी.)

आत्या : येऊ का गं? बाहेरच्या माणसानं सांगितलं चपला बाहेर काढा, म्हणून काढल्या. फरशी गार आहे हो तुमची.

बारकी : आत्या! अगं फोन करायचास ना, किती वेळ बसलीस!

आत्या : म्हटलं, जेवत असाल. जेवलीस?

बारकी : हो.

आत्या : नाही जेवलीस. डबा बांधलेलाच दिसतोय. हा कोण?

लंबू : मी लंबू. म्हणजे सगळे तेच म्हणतात. बसा ना आत्या, या स्टुलावर.

आत्या : बसते बाबा. तूच का तो, पिशवीत माती हलवायला शिकवणारा? बारकी सांगत असते. हाताला गोळे आलेत म्हणे तिच्या.

लंबू : हो. मीच तो.

आत्या : झाकण काढू का? वास येईल थोडा. मेलेली पण आहेत त्यात. वेगळी करायला गेले, पण कुठली गेलीत आणि कुठली जिवंत, कळेना. जिवंतसुद्धा दोरीसारखी पडून राहतात. हात लावला की पूर्वी कशी वळवळायची, बोटाला वेढा घालायची. आता बघ. लाव हात.

बारकी : नको.

आत्या : गांडुळाला घाबरायला लागलीस होय?

बारकी : नाही गं.

आत्या : माझंच काहीतरी चुकलं, बारके. रात्रभर तोच विचार. त्या दिवशी भांडी घासता घासता उठून गेले, हाताला साबण असेल. नाहीतर पाणी जास्त झालं. पहिल्या हौदाचं बूच बंद असतं कधी कधी.

लंबू : नऊच्या नऊ हौदांना साबण कसा लागेल, आत्या?

आत्या : तेच तर. पहिल्यांदा दोन हौदांत झालं. मग बाकीच्यांत. भिंतीवर चढून बसतात रे सगळी, कडेला. सकाळी बघावं तर तिथंच वाळलेली. मी फडक्यानं अलगद काढते, परत मातीत सोडते. ती परत वर. जणू मातीच नको झालीय त्यांना. मातीत राहणाऱ्या जिवाला माती नको व्हावी? तू शिकलेली आहेस. तूच सांग, कशानं होतं असं?

बारकी : ऊन... ऊन वाढलंय ना, आत्या...

आत्या : हो ना? मला तेच वाटलं होतं! छपराचा पत्रा सरकलाय एका बाजूचा. मी म्हटलं होतं पत्रेवाल्याला, ये म्हणून. आता आजच्या आज बसवून घेते. म्हणजे थांबेल ना मग? हिला किती कळतं बघ. मी उगाच रात्रभर...

बारकी : नाही, आत्या. ऊन नाही.

लंबू : बारके.

बारकी : ऊन नाहीये. पूड आहे. ती पूड आहे, आत्या. मला खात्रीनं नाही सांगता येत, खात्रीनं सांगायला छप्पन्न दिवस लागतात आणि ते मला कुणी देणार नाही, पण पूडच आहे. मी तुला सांगितलं ना, मी मोजलीत पिल्लं? मोजली होती. खरंच मोजली होती. पण त्यांच्या मातीत पूडच नव्हती गं! म्हणजे होती, पण एवढीशी, बाकीची सगळी या पिशवीला चिकटून बसली होती, आणि मी बघितलंच नाही, मी एकशे दहा वेळा हलवली आणि बघितलंच नाही!

आत्या : हळू. हळू बोल. मला समजेल असं बोल.

लंबू : मी सांगतो. आम्ही कोरडी माती घेतो, त्यात कोरडी पूड घालतो, पिशवीत हलवतो. मग बरणीत घालून वर पाणी टाकतो, मग गांडुळं सोडतो.

आत्या : कोरडी माती? जिथं गांडूळ असतं तिथं माती कोरडी असते का रे कधी?

लंबू : नसते.

आत्या : मग?

लंबू : तशी पद्धत आहे. चालते तशी.

आत्या : आणि मी पाण्यात घातली.

बारकी : तू बरोबर घातलीस. तुझं काहीच चुकलेलं नाही. साबण नाही, पत्रा नाही, काही नाही.

आत्या : म्हणजे तुझ्या गांडुळांना पूड लागलीच नाही. आणि माझ्यांना सगळी लागली.

बारकी : हो.

आत्या : आणि मी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, डोळे मिटून घाल.

बारकी : हो.

आत्या : मिटले गं मी.

लंबू : आत्या, पाणी देऊ का?

आत्या : नको. कसलं देतोस? या भांड्यातलं? पांढरं आहे ते.

लंबू : नाही नाही, हे नाही. हे पिशवीचं आहे.

आत्या : हीच ती? एवढीशी? मग बारके, आता काढायची कशी ती मातीतून? पाणी सोडून धुतली तर? पाइप आहे माझ्याकडे.

बारकी : पाण्यानं अजून खाली जाईल. आणि नाल्यात जाईल ती वेगळीच.

आत्या : उन्हात पसरली तर?

बारकी : ती उडत नाही आत्या, जळत नाही, कुजत नाही. राहतेच.

आत्या : मग असं करू. तुमच्या पिशव्या द्या मला. मोठ्या असतील त्या. पिशवीला चिकटते ना ती? मी पाटी पाटी माती त्यात घालते आणि हलवते. शंभर वेळा म्हण, दोनशे वेळा म्हण. मला काय घाई आहे? पूड पिशवीला, माती हौदाला. काय झालं? हसतोय का हा?

लंबू : हसत नाही, आत्या. ओल्या मातीतली नाही चिकटत. ती मातीच्या कणाला धरून बसली आता. पिशवीकडे नाही यायची.

आत्या : वाळवली माती तर?

लंबू : तरी नाही.

आत्या : घालायची कशी, यावर एवढं शिकलात तुम्ही. काढायची कशी ते?

बारकी : ते नाही शिकवत. ते कुणालाच येत नाही, आत्या.

आत्या : मग निदान तो कागद तरी बदल. माझ्यासारख्या अजून दहा जणी घालत असतील. पुड्यावर गांडूळ हसतंय. त्याला पुसायला सांग.

बारकी : सकाळी गेले होते मी साहेबांकडे. नाही बदलता येत.

आत्या : तुझी सही आहे ना त्यावर?

बारकी : आहे. तिसरी. बारीक अक्षरात.

आत्या : सही आहे आणि बदलता येत नाही?

लंबू : कंपनीला आपणहून काही कळवायचं नसतं, आत्या. बाहेर सांगायचं तर मुळीच नाही. आत्ता तुम्हाला सांगितलं ना, तेसुद्धा. कुणी ऐकलं तर हिची नोकरी...

आत्या : मी कुणाला सांगणार आहे? मला आहे कोण? ही आणि ती गांडुळं.

बारकी : आत्या, रडू नकोस ना.

आत्या : मी कुठं रडते? तूच रडतेयस. नाक पूस. हाताला माती आहे, तो हात नको लावूस. दुसऱ्यानं पूस.

लंबू : एक मिनिट. ते टेबल जरा सरकव, बारके. पायाशी डबा आहे बघ माझ्या.

बारकी : आइस्क्रीमचा? त्यात तुझा चहा-साखर असते ना?

लंबू : वरच्यात चहा-साखर. खालचा काढ. हळू.

बारकी : लंबू, हे काय आहे?

लंबू : कोऱ्या बरण्यांतली. अठ्ठावीस दिवसांनी मोठी गांडुळं बाहेर काढतो ना आपण, पिल्लांसाठी माती ठेवतो आणि मोठी टाकून द्यायची असतात. मला कोऱ्यांतली नाही टाकवली. चार बरण्या, दहा दहा. चाळीस. भाजीची देठं घालतो, चहाचा चोथा घालतो. कुणाला सांगू नका.

बारकी : आणि तू मला म्हणतोस हळू बोल!

आत्या : बघू. इकडे आण. उजेडात.

लंबू : यांना पूड लागलेली नाही, आत्या. एक कणसुद्धा नाही. यांची पिशवी वेगळी होती. नियमच आहे, कोरी माती आधी हलवायची.

आत्या : ही माझी आहेत.

लंबू : हो. तुमच्याकडूनच आलेली.

आत्या : बघ, बघ कसं बोटाला वेढा घालतंय. ओळखलं गं मला. हा पट्टा बघ त्याचा, कसा फुगलाय. अंडी घालेल हे.

बारकी : घेऊन जा तू ही, आत्या. बिस्किटाच्या डब्यापासूनच सुरू केलं होतंस ना? हा त्याच्यापेक्षा मोठा डबा आहे. परत होतील. वर्षभरात एक हौद तरी...

आत्या : नेईन गं. पण सोडू कुठं? नऊच्या नऊ हौदांत आहे ती. अंगणात पण सांडलीय. झारी धुतली ते पाणी मी जाईच्या मुळाशी ओतलं.

लंबू : आमची कोरी माती देतो. वाळू, चिकणमाती, सगळं मापून मिसळलेली. दोन किलो आहे शिल्लक.

आत्या : दोन किलोत किती दिवस जगतील चाळीस जण?

बारकी : आमच्याकडे छप्पन्न दिवसांचा हिशोब असतो.

आत्या : आणि मग?

बारकी : मग बरणी कोमट पाण्यात ठेवतो. ऊब लागली की पिल्लं वर येतात.

आत्या : आणि?

बारकी : आणि मोजतो.

आत्या : तुमच्याकडेही वरच येतात म्हणजे.

बारकी : हो, आत्या.

आत्या : पुढं काय होतं त्यांचं?

लंबू : पुढचं आम्ही बघत नाही.

आत्या : बरं. दे तो डबा. माती पण दे. बघू किती दिवस निघतात. आणि बादली राहू दे इथं, मला ती परत घरी नाही न्यायची. चपला बाहेर आहेत माझ्या.

बारकी : मी येते सोडायला फाटकापर्यंत.

आत्या : थांब. किती आहेत म्हणालास तू?

लंबू : चाळीस.

आत्या : मोजून दे, बारके.

बारकी : लंबूनं मोजलीत, आत्या. चार बरण्या, दहा दहा.

आत्या : तू मोज. हात लावून.

बारकी : एक. दोन. तीन, चार...

आत्या : हळू मोज. मला पण दिसू दे.